पेटीवाल्यांची पिकनिक

वीकेंडला ग्रुपने करायच्या गोष्टींची यादी आता आपल्याला पाठ झालीय. ट्रेकिंग, बर्डिंग, बाइक राइड, हेरिटेज वॉक, मिसळ टूर. या यादीत आज एक हटके भर घालते. ऑर्गन टूर!

हसू नका. इंग्लंडमधल्या बऱ्याच परगण्यांमध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या स्थानिक संघटना आहेत. लंडनमध्ये त्यांची मोठी संस्था १८६४ साली निघाली, अमेरिकेत ‘अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स’ १८९६ साली. पण खरी मजा या बड्या संस्थांमध्ये नाही, ती गावोगावच्या छोट्या मंडळांत आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एका शनिवारी ही मंडळी बस करतात, डबे घेतात आणि दिवसभरात तीन-चार चर्च पालथी घालतात. प्रत्येक ठिकाणी तिथला वादक आपल्या वाद्याची ओळख करून देतो, एखादी रचना वाजवून दाखवतो आणि मग उठून म्हणतो, ‘या, बसा.’ की लागली रांग. प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं. कुणी बाख वाजवतो, कुणी नुसतीच रविवारची साधी चाल. बाकीचे बाकांवर बसून ऐकतात, दोघं-तिघं वाद्याच्या पोटात शिरून आतले पाइप बघून येतात. नंतर चहा, केक आणि गप्पा. एकातून दुसऱ्या पबमध्ये जात राहण्याला ‘पब क्रॉल’ म्हणतात ना, त्याच चालीवर याचं नाव ‘ऑर्गन क्रॉल’. नशा मात्र सुरांची.

या मंडळींचं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मलाही वाटलं होतं, काय ही रिकामटेकडी माणसं! पण थोडं खोलात गेल्यावर या पिकनिकमागचा फंडा कळला. आणि तो कळल्यापासून माझ्या डोक्यात आमचं गाव घुमतंय. शेंदूरजनाघाट, तालुका वरुड, जिल्हा अमरावती. पण ते पुढे सांगते, आधी फंडा.

पाठमोरा माणूस

गिटार पाठीला लावून मित्राकडे जाता येतं. ऑर्गन नेता येत नाही. तो त्या इमारतीचाच भाग असतो. मोठ्या ऑर्गनमध्ये सोळा फूट, क्वचित बत्तीस फूट उंचीचे पाइप असतात, छोट्यात छोटे पाइप पेन्सिलीएवढे. शिवाय एकासारखा दुसरा नाही. कुणाला हाताच्या पट्ट्यांच्या दोन ओळी, कुणाला तीन. पायाने वाजवायच्या पट्ट्या वेगळ्या, आवाजाचा रंग बदलायच्या खुंट्या वेगळ्या. म्हणजे एका चर्चमध्ये वीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाने जन्मभर एकच वाद्य ओळखलेलं असतं. दुसरं ओळखायचं तर आपण उठून त्याच्याकडे जायला हवं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ऑर्गनवाला बहुतेक वेळा लोकांकडे पाठ करून किंवा बाजूला कुठेतरी आडोशाला बसतो. पाद्रीबाबा कधी थांबले, नवरी दारात आली की नाही, हे बघायला त्याच्यासमोर छोटा आरसा लावलेला असतो. लोक गाणं गातात, प्रार्थना करतात, निघून जातात. वाजवणारा एकटाच. एका चर्चला एकच ऑर्गनवाला, त्यामुळे त्याला त्याच गावात त्याच्यासारखा दुसरा भेटतच नाही. तुमच्या ऑफिसात अख्ख्या मजल्यावर सर्व्हर सांभाळणारा एकच मुलगा असतो, तसं समजा. सगळं नीट चाललं तर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. अडलं की सगळे त्याच्या नावाने ओरडतात.

आणि तिसरं कारण अगदी व्यवहाराचं. वाद्य वाजतं राहिलं तरच जगतं. बंद पडून राहिलेल्या ऑर्गनचं चामडं सुकतं, उंदीर शिरतात, धूळ बसते. पाहुणे येणार म्हटलं की निदान ते एकदा उघडून साफ तरी होतं.

म्हणजे ही पिकनिक नुसता टाइमपास नाही. एकट्या माणसाला बिरादरी मिळते आणि पडून राहिलेल्या वाद्याला हात लागतात.

डोळा परदेशी, खुंट आपला

आता म्हणाल, याचा आणि शेंदूरजनाघाटाचा संबंध काय? आमच्याकडे संत्री. मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, संत्र्याची कलमं म्हटलं की शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्या आठवतील. इथलं पोट्टं सायकल शिकायच्या आधी ‘डोळा भरणं’ शिकतं. जंबेरीचं रोप घ्यायचं, त्याच्या खोडावर चीर द्यायची आणि तिथे संत्र्याचा डोळा बसवायचा. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं.

आपली पेटी अगदी अशीच कलमाची आहे. चर्चच्या ऑर्गनची ती लांबची बहीण. पाइपांऐवजी पितळी सूर बसवून छोटं, स्वस्त वाद्य करण्याच्या खटपटी युरोपात चालू होत्या. पॅरिसच्या अलेक्झांदर दबेन याने १८४० च्या सुमारास त्यातल्या एका वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला नाव दिलं हार्मोनियम. ज्या चर्चला पाइप ऑर्गन परवडत नाही, तिथे हे चालायचं. मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून ते बोटीने इकडे आलं. पण ते होतं पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. आपले गवई तर बैठकीवर. मग १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला, हाताने मारायचा केला आणि वाद्य जमिनीवर आणलं. डोळा परदेशी, खुंट आपला. फळ कसं धरलं, ते आपण दर गुरुवारी भजनात ऐकतोच.

पायपेटीही गेली नाही. संगीत नाटकवाल्यांनी ती उचलली. माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तर भरदार आवाज हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. पायाने भाता मारणारा ऑर्गन त्यासाठी फिट्ट. बालगंधर्वांच्या जमान्यापासून नाट्यसंगीत म्हटलं की ऑर्गन आलाच.

आणि चर्चमध्ये? तिथे उलटा प्रवास झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी विलायती चालींवर समाधान मानलं नाही. अभंग, ओवी, भजन या आपल्या घाटात ख्रिस्ती उपासनेची गीतं लिहिली. त्यामुळे मराठी चर्चमध्ये पेटी, तबला, झांज अशी साथ अगदी घरची झाली. म्हणजे गंमत बघा. चर्चमधलं वाद्य देवळात आलं, देवळातलं भजन चर्चमध्ये गेलं आणि दोन्हीकडे कोपऱ्यात बसलेला माणूस तोच. पेटीवाला.

रेडिओवर नो एंट्री

या पेटीवाल्याने काय काय सोसलंय, हे आपल्या पिढीला माहीतच नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण काय? पेटीचे सूर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती तिच्यात नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, म्हणून ती आपल्या संगीताला लायक नाही. रवींद्रनाथ टागोरांनाही ती खपत नव्हती. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण देशभर गावोगाव लोक हिच्याच साथीने गात होते आणि देशाच्या रेडिओवर तिला दार बंद! हे तब्बल तीन दशकं चाललं. १९७१ साली काही अटींवर बंदी उठली.

या काळात पेटी कुणी जगवली? कुठल्या कमिटीने नाही. भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, नाटक कंपन्यांनी, गाण्याच्या क्लासवाल्यांनी. आणि वाजवणाऱ्यांनी. गोविंदराव टेंबे यांचं नाव ऐकलंय? १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. हार्मोनियमवर त्यांचा हात असा की साथीचं वाद्य स्वतंत्र ऐकावंसं वाटावं. हाच माणूस १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात चक्क हिरो झाला, राजा हरिश्चंद्र! कोपऱ्यातला पेटीवाला पडद्याच्या मधोमध आल्याचं हे बहुधा आपलं सर्वांत झकास उदाहरण. पुढच्या पिढीतले पंडित तुळशीदास बोरकर मूळचे गोव्यातल्या बोरीचे. नाटकांना ऑर्गनची साथ करत, बड्या गवयांच्या मागे पेटी वाजवत ते मोठे झाले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्याच वर्षी जानेवारीत बेंगळुरूला जागतिक हार्मोनियम परिषद भरली होती. पेटीवाले एकत्र आले की कसं वाटतं, याची एक झलक तिथे दिसली.

अँथनी गोन्साल्विस कुठून आला?

आणखी एक उदाहरण देते, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या १९७७ च्या गाण्यावर आपण सगळे कुठल्या ना कुठल्या लग्नात नाचलोय. हा अँथनी खरा होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा. मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीत व्हायोलिन वाजवायचा, अरेंजमेंट करायचा. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींना त्याने व्हायोलिन शिकवलं होतं, म्हणून पडद्यावरच्या अँथनीला गुरूचं नाव मिळालं.

पण अँथनीला कुणी शिकवलं? त्याचे वडील गावच्या चर्चमध्ये कॉयर मास्टर होते. गोव्यात चर्चला जोडून पॅरिश स्कूल चालवायची पद्धत सोळाव्या शतकापासूनची. तिथला ‘मेस्त’ म्हणजे संगीताचा मास्तर गावातल्या पोरांना सुरांची लिपी, गाणं, व्हायोलिन, ऑर्गन शिकवायचा. मोठेपणी ती पोरं मुंबईत आली आणि आपल्या हिंदी सिनेमाचे अख्खे ऑर्केस्ट्रा त्यांनी भरून टाकले. म्हणजे बघा, आपण ज्याला बॉलिवूडचा साउंड म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा छोट्या छोट्या गावांतल्या, रविवारी सकाळी वाजवणाऱ्या बिननावाच्या मास्तरांनी तयार केला. वाजवणारे आपोआप उगवत नाहीत. नर्सरी लागते.

‘पेटी कोन वाजवीन?’

आता आमच्या वऱ्हाडाकडे वळू. आमच्याकडे ही नर्सरी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आमच्याच जिल्ह्यातले, १९०९ साली यावलीला जन्मले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. हातातल्या छोट्याशा खंजिरीवर त्यांनी गावंच्या गावं गायला लावली. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन पोचलं. मंडळ म्हटलं की एक गाणारा बुवा, खंजिरी, तबला किंवा ढोलकी, झांजा आणि पेटी. पेटीवाल्याच्या मागे बसून दोन पोरं नुसती बघायची. कुठल्या बुवाला काळी दोन लागते, कुणाला पांढरी पाच, चढ्या सुरात गाडी अडकली तर कसं सावरून घ्यायचं, हे सगळं बघून बघून यायचं. क्लास नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही. एके दिवशी पेटीवाला शेताला पाणी द्यायला अडकला की मागचा पोट्टा पुढे. झाला पेटीवाला.

हल्ली मागे बसणारा पोट्टा पुण्यात आहे. हिंजवडीत, मगरपट्ट्यात. पोट्टी पण. म्हणजे आपणच की, मंडळी. गावाकडे फोन केला की संत्र्याला भाव किती, पाऊस किती यानंतर तिसरा विषय हाच असतो. ‘भजनाले मानसं येतेत, पन पेटी कोन वाजवीन?’ मग कुणीतरी पेनड्राइव्ह लावतं. त्यात पेटीही असते, तबलाही असतो, सगळं कसं सुरेल. फक्त एक भानगड होते. पेनड्राइव्ह बुवांसाठी थांबत नाही. आजोबांना दम लागला, आजीबाई मधली ओळ विसरल्या, लहान पोरीने भलत्याच पट्टीत सुरू केलं, तर ट्रॅक पुढे निघून जातो. जिवंत पेटीवाला थांबतो. ओळ पुन्हा धरतो, पोरीच्या पट्टीवर येतो आणि तिला वाटतं, आपण बरोबर गायलो. साथ म्हणतात ती हीच. जिथे ट्रॅक आला, तिथे आधी ज्यांना नीट गाता येत नाही ते गप्प बसतात, मग ऐकणारे कमी होतात, मग भजनच.

तिकडे इंग्लंडमध्येही फार वेगळं चित्र नाही. वाजवणारे म्हातारे होतायत, नवे कमी येतायत, रेकॉर्ड केलेल्या चाली लावणारी यंत्रं तिथेही आलीत. फरक एवढाच की त्यांची मंडळं शनिवारी बस काढतात आणि त्या बसमध्ये दोन-चार शाळकरी मुलंही घेतात.

मग काढायची का आपली बस?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे भजन स्पर्धा असतात की! असतात, आणि सॉलिड असतात. छोटा हत्तीमध्ये अख्खं मंडळ कोंबून रात्र रात्र जाणारी माणसं मी बघितलीत. पण स्पर्धेत प्रत्येक मंडळ आपली पेटी घेऊन येतं, आपलं भजन म्हणतं, नंबर आला की नाही ते ऐकतं आणि निघतं. पेटीवाला दुसऱ्या पेटीवाल्याला भेटतो तो हरवायला. ऑर्गनवाल्यांच्या पिकनिकमधली गंमत अशी की तिथे परीक्षकच नाही. दुसऱ्याच्या वाद्यावर दहा मिनिटं बसा, चुका, हसा, उठा. ‘तुझा भाता जड आहे रे’, ‘हा सूर चिकटतोय, जरा साफ कर’ एवढंच मार्किंग.

म्हणून माझी आयडिया अशी. थंडीत, संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला असताना, एक रविवार. सुरुवात शेंदूरजनाघाटला, मग वरुड, मोर्शी करत संध्याकाळी मोझरीला गुरुकुंजात प्रार्थनेच्या वेळेला पोचायचं. वाटेत तीन गावांची तीन मंडळं आधी फोन करून ठरवायची. नियम फक्त चार. एक, आपली पेटी घरी ठेवायची, त्यांचीच वाजवायची. दोन, प्रत्येकाला दहा मिनिटं, मग तो उस्ताद असो की कालच सा रे ग म शिकलेला. तीन, गाडीत निदान दोन सीट चौदा वर्षांखालच्यांसाठी राखीव, त्यातली एक मुलीसाठी. महिला भजनी मंडळं आमच्याकडे गावोगाव आहेत, पण पेटीवर मात्र बऱ्याचदा कुणाचा तरी भाऊ बसलेला असतो. आणि चार, प्रत्येक पेटीचं झाकण उघडायचं. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा भात्याचं चामडं तडकतं, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. हे घराघरातलं दुखणं आहे, पण त्यावरचे उपाय एकेकट्या माणसाकडे पडून आहेत.

दुसरी ट्रिप अमरावती-अकोल्याला. शहरातल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन नम्रपणे विचारायचं, ‘तुमच्याकडे पायपेटी आहे का? बघू का? वाजवू का?’ एखाद्या जुन्या नाटकवेड्या घराच्या माळ्यावरही ऑर्गन निघू शकतो. तिसरी ट्रिप जरा लांबची. मुंबईत फोर्टमध्ये सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, १७१८ साली उघडलेलं. तिथे पाइप ऑर्गन आहे. ज्या वाद्याचा डोळा आपल्या पेटीवर भरला, ते मूळ झाड एकदा डोळ्यांनी बघून यायला काय हरकत आहे?

खर्च म्हणाल तर एका मॉलमधल्या रविवारपेक्षा कमी. कपडे साधे. स्टेटस लागत नाही, सूर थोडा लागतो. आणि ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी यायचं का? शंभर टक्के! वाजवणाऱ्याच्या समोर बसून, त्याच्याकडे बघत, दहा मिनिटं गप्प ऐकणारं कुणीतरी हवंच असतं. तो बिचारा आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याकडे लक्ष ठेवत आलाय.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लॉफ्टवर एक पेटी किंवा दहावीनंतर बंद पडलेला कीबोर्ड आहे, हे मला माहितीये. पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा लॉफ्टवरून ती काढा, धूळ पुसा आणि गुरुवारी संध्याकाळी भजनाला जाऊन मागच्या रांगेत बसा. कुणीतरी विचारेलच, ‘वाजोतं का गा थोडं?’ नाही म्हणू नका.

बाकी गाडीचं, डब्याचं आपण बघून घेऊ. संत्री आमच्याकडून.